लिहिण्याची साधनं आणि त्यांचे नकार



पत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचा विषय छापला आहे, ‘लिहिण्याची रोजची साधनं’. पत्रिका वाटल्यावर दोघातिघांनी मला अडवून विचारलं, म्हणजे तुम्ही पेनांवर बोलणार? तासभर? त्यांची काळजी मला समजते. पेनांचे शौकीन एकदा बोलायला लागले की आवरत नाहीत. निबच्या जाडीपासून सुरुवात होते, शाईच्या छटांपर्यंत गाडी जाते, आणि त्या पेनाने लिहिलं काय, हे विचारायचं राहूनच जातं. मी शौकीन नाही. माझी नोकरी दुसऱ्यांची हस्तलिखितं तपासण्याची होती. कागद लेखकाच्या घरून निघाला आणि छापखान्यात पोचायचा राहिला, तर मधला मुक्काम माझ्या टेबलावर. त्यामुळे लेखकाचं साधन मला नेहमी उलट्या बाजूने दिसलं. आधी मजकूर दिसायचा, मजकुरावरून हात ओळखू यायचा आणि हातावरून हातातली वस्तू.

या नोकरीत माझं एक मत बनलं. आज तेवढंच सांगायचं आहे. साधनांची जाहिरात नेहमी ती काय करू देतात यावर चालते. भरभर लिहू देतं, कुठेही लिहू देतं, न थांबता लिहू देतं. मला वाटतं, लिहिणाऱ्याने उलटं विचारावं. हे साधन मला काय करू देत नाही? मजकुराला जो घाट येतो तो बहुतेक वेळा या नकारातून येतो. पटत नाही? हरकत नाही, अजून पुष्कळ वेळ आहे.

सुरुवात घरातल्या पुस्तकापासून करू. दासबोध तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी असेल. त्याचा एकोणिसावा दशक काढा. पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. ब्रह्म, माया, विवेक, वैराग्य हे सगळं सांगून झाल्यावर समर्थ एकदम कागद, शाई आणि बोरूवर येतात. मला हा समास फार आवडतो, कारण इतका व्यवहारी मजकूर आपल्या जुन्या वाङ्मयात क्वचित सापडतो. अक्षर गोल, सरळ, सुटं आणि काळंभोर असावं. पहिलं अक्षर जसं काढलं तसंच शेवटचं, सबंध ग्रंथ एकाच टाकाने लिहिल्यासारखा वाटला पाहिजे. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीत घुसू नयेत. पान आधी शिशाने आखून घ्यावं. मग सामानाची यादी येते. देशोदेशीचे बोरू आणावेत, सरळ आणि कणखर बघून घ्यावेत, हिंगूळ संग्रही असावा, शाई करून वाळवून ठेवावी. वाण्याकडे द्यायची यादी वाटावी इतकी ती नेमकी आहे.

त्यातल्या दोन सूचनांपाशी मी थांबतो. पहिली अशी, की तरुणपणी फार बारीक अक्षर काढू नये; म्हातारपणी ते आपल्यालाच वाचता येत नाही. आज चष्मा लावून बसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको! दुसरी सूचना याहून मोलाची. पानाच्या चारही बाजूंना कोरी जागा सोडावी आणि मजकूर मधोमध लिहावा. म्हणजे काळाने कागद झडायला लागला तरी अक्षर झडत नाही. कागद कडेकडून मरतो, हे या माणसाने पाहिलेलं आहे. वाळवी, दमट हवा, पानं उलटणारी बोटं, सगळ्यांचा पहिला हल्ला कडेवर होतो. म्हणून कडेला मजकूरच ठेवायचा नाही. आपण शाळेत डावीकडे लाल रेघ मारून समास सोडतो तो मास्तरांच्या शेऱ्यासाठी. इथे समास सोडायचा तो वाळवीसाठी. कागदाचा नकार आधीच ओळखून लिहिलेलं पान म्हणजे काय, ते मला या समासात दिसतं.

आता बोरू. या सभागृहात बोरू घडवताना किती जणांनी पाहिलं आहे? तीन-चार हात वर दिसतात, म्हणजे वाईट नाही. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. वीतभर लांबीची, आतून पोकळ, पिकलेली काडी घ्यायची. ओली चालत नाही, ती शाईत फुगते आणि मऊ पडते. धारदार चाकूने एका टोकाला तिरकी लांब उतरती छाट द्यायची. मग दोन्ही बाजू तासून टोक हवं तेवढं रुंद ठेवायचं. मधोमध एक बारीक चीर पाडायची, म्हणजे दाब पडला की शाई खाली उतरते. आणि शेवटी ते टोक कठीण वस्तूवर टेकवून एकाच दाबात तिरपं तोडायचं. दोनदा चाकू चालवला की कड फाटली आणि बोरू वाया गेला. या शेवटच्या तिरपेपणात लिपीचं सगळं वळण भरलेलं असतं. रोमन अक्षरांसाठी टोक एका बाजूला तिरपं तोडतात, देवनागरीसाठी त्याच्या बरोबर उलट. इंग्रजी सुलेखनाचा बाजारातला निब घेऊन देवनागरी लिहायला बसलं की अक्षरं परकी दिसतात, जाड रेघ हवी तिथे बारीक येते. हात चांगला असून काही उपयोग होत नाही, निब नाहीच म्हणतो. र. कृ. जोशींनी आणि पुढे अच्युत पालवांनी आपल्या लिपीवर जे काम केलं, ते या तिरप्या छाटेपासून सुरू होतं. जोशींनी आखलेला ‘मंगल’ हा फॉन्ट कित्येक वर्षं तुमच्या-आमच्या संगणकांवर होता. बोरू धरणाऱ्या हाताने तो काढला होता हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

बोरूची अडचण अशी, की तो शाई थोडी धरतो आणि हात उचलला की लय तुटते. ग्रंथ लिहिणाऱ्याला याचं काही वाटत नाही, त्याला घाई नसते. पण दफ्तरात बसलेल्या कारकुनाचं काय? दिवसभरात हुकूम, जमाखर्च, पत्रं, नकला. त्याच्यासाठी मोडी. आधी पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेघ ओढून घ्यायची आणि मग अक्षरं हात न उचलता तिच्याखाली लटकवत जायचं. वेलांटी एकच, उकार एकच, ऱ्हस्व-दीर्घाची कटकट नाही. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. लिहिणाऱ्याचा वेग वाढला आणि त्याची किंमत वाचणाऱ्याने भरली. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले रुमाल सोडून बसलेल्या अभ्यासकांना विचारा. एका ओळीत शब्द कुठे तुटतो यावर दुपार जाते. एकच बोरू, एकच शाई, आणि दोन लिप्या: ग्रंथाला बाळबोध, व्यवहाराला मोडी. आपल्या पूर्वजांनी साधन बदललं नाही, त्याचे दोन नकार दोन कामांना वाटून दिले.

शाईबद्दल फार बोलत नाही. काजळी आणि डिंक घोटून केलेली काळी शाई शतकानुशतकं फिकी पडत नाही, पण पाण्याने धुऊन जाते. हिराकशीची शाई पाण्याला दाद देत नाही, मात्र ती कालांतराने कागदच खाते. यातली कोणती निवडाल? पावसाळी मुलुखात हा प्रश्न थट्टेचा नव्हता. पुढे दिगंबर परशुराम दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत घोडा छाप शाईची पूड विकायला सुरुवात केली, त्यातून कॅम्लिन उभी राहिली, आणि शाई घरी करायची गोष्ट मराठी घरांतून हळूहळू गेली. ते बरंच झालं. मला घरच्या शाईचे कढ येत नाहीत.

आता मी तुम्हाला मंडालेला नेतो. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. १९१०-११ च्या हिवाळ्यात, कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत, त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहून काढलं. काळ आपल्याला पाठ असतो. साधन कोणतं होतं? पेन्सिल. तुरुंगात शाई मिळत नव्हती. सुटे कागदही मिळत नव्हते. मिळायची ती बांधीव वही, पानांवर आकडे घातलेली. यामागचा हेतू अगदी सरळ होता. कैद्याने एखादं पान फाडून चिठ्ठी बाहेर पाठवू नये, एवढंच सरकारला बघायचं होतं.

पण लेखक म्हणून या अटींकडे बघा. पान फाडता येत नाही. मधे पान घालता येत नाही. चौथं प्रकरण उचलून सातव्याच्या जागी नेता येत नाही. पंधरा प्रकरणांचा ग्रंथ, त्यात मीमांसा, सांख्य, वेदान्त, शिवाय कांट, मिल, स्पेन्सर, ग्रीन, आणि हे सगळं क्रमाने, आकडे घातलेल्या पानांवर, पुढे पुढेच जायचं. अशा वहीत बसून विचार करता येत नाही. विचार करून मगच वहीशी बसावं लागतं. टिळकांचा तो झाला होता. गीतेचं तात्पर्य कर्मयोगात आहे हे ते १९०२ साली नागपूरच्या व्याख्यानात मांडून चुकले होते, आणि घोळत तर त्याच्या कितीतरी आधीपासून होतं. तुमच्या घरात ‘गीतारहस्य’ असेल तर एकदा फक्त त्याच्या मांडणीसाठी चाळा. पुढच्या प्रकरणात काय येणार आहे ते लेखकाला आधीच्या प्रकरणात पक्कं ठाऊक आहे, हे पानापानाला जाणवतं. ती शिस्त टिळकांच्या गणिती बुद्धीची होती, यात शंका नाही. थोडी त्या वहीचीही होती, असं माझं म्हणणं आहे. सुटका झाल्यावर त्या वह्या काही काळ सरकारकडेच राहिल्या, मग परत मिळाल्या, आणि १९१५ साली ग्रंथ छापून झाला.

मी तुरुंगाचं गुणगान करतोय असं कृपा करून समजू नका. शेवटच्या रांगेत कुणीतरी हसलं म्हणून सांगितलं. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत पाच दिवसांत लिहिली, म्हणून पाच दिवस कोंडून घेतलं की कादंबरी होते असं नाही. कोंडून घेऊन रिकामी वही घेऊन बाहेर आलेले लोकही मला माहीत आहेत.

आणि आता माझ्या सगळ्यात आवडत्या साधनाकडे येतो. दुकानात ते मिळत नाही आणि त्याला कुठलाही छाप नाही. ते म्हणजे आखलेला कागद.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १ एप्रिल १९१९ रोजी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं, ते रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या हस्ते. १९२५ साली विष्णु सीताराम सुकथनकर संपादक झाले. काम काय होतं? देशभरातून महाभारताची हस्तलिखितं गोळा करायची आणि त्यांतून सर्वांत जुनी, हाती लागू शकेल अशी संहिता ठरवायची. हस्तलिखितं बाराशे एकोणसाठ, आणि सगळी एका लिपीतली नाहीत. काश्मीरची शारदा, नेपाळची नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम. एक श्लोक घेतला तर एका पोथीत एक पाठ, दुसरीत दुसरा, तिसरीत दोन ओळी जास्त. हे सगळं डोक्यात कुणाच्या राहणार?

यासाठी एक कागद तयार झाला. फुलस्केप आकाराचा, आडव्या आणि उभ्या रेघांनी आखलेला. वरच्या ओळीत श्लोकाचा प्रचलित पाठ ठळक अक्षरांत, एकेका घरात मांडलेला. त्याखाली प्रत्येक हस्तलिखिताला एक आडवी ओळ. पाठ ताडून पाहणारा माणूस पोथी समोर ठेवून अक्षर-अक्षर बघत जाणार आणि जिथे फरक असेल तिथे, मूळ अक्षराच्या बरोबर खालच्या घरात, तेवढंच वेगळं अक्षर भरणार. उजवीकडे चार इंच रुंदीचा रकाना शेऱ्यांसाठी मोकळा: पान फाटलंय, दुसऱ्या हाताने दुरुस्ती केलीय, इथे जास्तीच्या ओळी आहेत. असाच कागद तंजावरला गेला, शांतिनिकेतनला गेला. तिथे बसलेली माणसं वेगळी, लिप्या वेगळ्या, पण घरं तीच.

हा कागद काय करू देत नाही? ‘साधारण सारखंच आहे’ असं म्हणू देत नाही. माझ्या मते विद्वत्तेचा सगळ्यात मोठा शत्रू ‘साधारण’ हा आहे आणि या आखीव कागदाने तो दाराबाहेर ठेवला. पोथी वाचणारा कितीही मोठा पंडित असो, त्याला श्लोक तोंडपाठ असो, त्याला घराघरातून चालावंच लागतं. उलट पाठांतर इथे धोक्याचं, कारण डोळे पोथीवर असतात आणि वाचत असते स्मरणशक्ती.

आता गंमत बघा. महाभारताचा लेखनिक कोण, असं शाळेतल्या मुलाला विचारलं तरी तो गणपती सांगेल. गोष्ट आपल्याला पाठ आहे. गणपतीने अट घातली, माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली, अर्थ कळल्याशिवाय लिहायचं नाही. लिहिण्याच्या साधनांबद्दल मला जे म्हणायचं आहे ते सगळं या दोन अटींत आहे. एक नकार सांगणाऱ्याला, एक लिहिणाऱ्याला, आणि दोघांच्या ओढाताणीतून ग्रंथ. इतकी सुंदर गोष्ट! आणि सुकथनकरांच्या त्या चौकोनांनी काय केलं? घरं भरून झाली, हस्तलिखितांचे गट पडले, आणि दिसलं की ही कथा जुन्या संहितेचा भाग नाही, मागाहून शिरली आहे. ती उचलून परिशिष्टात गेली. पुण्यासारख्या गावात, गणपती घराघरांत बसतो त्या गावात, पंडितांनी गणपतीला मूळ महाभारतातून बाहेर ठेवलं, कारण कागदावरची घरं तसं सांगत होती. मला हे फार मोठं वाटतं. सुकथनकर १९४३ साली गेले. त्यांच्यानंतरच्यांनी काम ओढत नेलं आणि २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत ते पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. सत्तेचाळीस वर्षं. माणसं बदलली, राज्य बदललं, कागदाची आखणी टिकली.

त्याच पुण्यात येरवड्याच्या रस्त्याला डेक्कन कॉलेज आहे. तिथे १९४८ साली सुमित्र मंगेश कत्रे यांच्या पुढाकाराने संस्कृतचा ऐतिहासिक तत्त्वांवरचा कोश सुरू झाला. ऋग्वेदापासून अठराव्या शतकापर्यंतचे सुमारे दीड हजार ग्रंथ वाचायचे आणि शब्द टिपायचे. साधन कोणतं? चिठ्ठी. एका चिठ्ठीवर एक शब्द, तो कुठल्या ग्रंथात आला ती जागा आणि त्याचा संदर्भ. अशा जवळपास एक कोटी चिठ्ठ्या तिथल्या कपाटांत वर्णक्रमाने लावून ठेवलेल्या आहेत. पहिला खंड निघाला १९७६ साली. चिठ्ठीचा नकार वहीच्या अगदी उलटा आहे. वही क्रम मोडू देत नाही. चिठ्ठी क्रम धरूच देत नाही. तिच्यावर दोन गोष्टी लिहिल्या की ती निरुपयोगी झाली, कारण ती लावायची कुठे? प्रबंध लिहिणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं असतं, विषय पक्का झाला असेल तर वही घ्या, नसेल तर चिठ्ठ्या घ्या. बरेच जण चिठ्ठ्या घेतात आणि दहा वर्षं चिठ्ठ्याच करत बसतात. तोही एक धोका आहे.

तुम्ही म्हणाल, हे सगळं शिकलेल्यांचं झालं. कागद, शाई, कोश. ज्यांच्या हातात लेखणी दिलीच नाही त्यांचं काय? रास्त प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर एका दगडी वस्तूत आहे. जातं.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. संख्या एक लाखाच्या वर गेली. एक लाख ओव्या, आणि रचणाऱ्या बहुतेकजणींना सही करता येत नव्हती. आता जात्याकडे साधन म्हणून बघा. पहाटेची वेळ, दोघी समोरासमोर, खुंट्यावर दोघींचे हात. एकीने मधूनच मूठभर दाणे जात्याच्या तोंडात सोडायचे. हात गुंतलेले, डोळे अर्धे मिटलेले, फक्त गळा मोकळा. जातं थांबू देत नाही, थांबलं की पुन्हा गती द्यायला जोर लागतो. मागे जाऊन शब्द बदलू देत नाही. लांबण लावू देत नाही, दम पुरत नाही. म्हणून ओवी आखूड. म्हणून ती एकीने म्हणायची आणि दुसरीने उचलायची, म्हणजे पहिलीला पुढची ओळ सुचायला अवधी. भाऊ, माहेर, सासू, पंढरी, आणि आंबेडकरसुद्धा, एवढं सगळं त्या आखूड ओळीत बसवलेलं आहे. आणखी एक गोष्ट जातं करू देत नसे, ती म्हणजे घरातल्या पुरुषांना ऐकू देणं. ते झोपलेले असायचे आणि दगडाची घरघर चालू असायची. जे दिवसा बोलता येत नव्हतं ते तिथे बोललं गेलं.

बहिणाबाई चौधरींचंही हेच. शेतात, घरात, काम करता करता कविता यायची. मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ पितांबर यांनी ती कागदावर उतरवली, आणि १९५२ साली, त्या गेल्यानंतर, पुस्तक आलं. गावात पिठाची गिरणी आली आणि बायकांचे हात सुटले. ते सुटायलाच हवे होते. ज्यांना जात्याचं फार कौतुक वाटतं त्यांनी एक पायली ज्वारी दळून दाखवावी आणि मग बोलावं. पण ओवीला बसायला दुसरी जागा मिळाली नाही, हेही खरं.

आता यंत्रं. ही भरभर उरकतो, कारण ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. गोदरेजने १९५५ साली आपल्याकडे टाइपरायटर बनवला, आणि मग तालुक्यातालुक्यात टंकलेखनाचे वर्ग निघाले. ‘मराठी तीस झालं, आता चाळीसला बसलोय’ हे वाक्य ज्यांनी उच्चारलं आहे असे इथे दहा तरी असतील. त्या कळफलकावर अक्षर तुकड्यांनी जोडायचं. अर्धं अक्षर एका कळीवर, काना दुसऱ्या. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते म्हणून आधी मारायची. बोट डोळ्याच्या मागे चालायचं. पुढे संगणकावर इनस्क्रिप्ट आला. तिथे आधी क, मग वेलांटी, जशी उच्चारात येते तशी. बोट कानाच्या मागे चालू लागलं. मराठी तीसवाल्यांना हा बदल जड गेला, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. हाताला एकदा लागलेली वाट सहजी सुटत नाही. तरीही दोन्हीकडे एक गोष्ट समान होती. शब्द पूर्ण आपल्यालाच घडवावा लागे. ऱ्हस्व की दीर्घ, हे ठरवल्याशिवाय कळ दाबता येत नसे.

आता फोनवर तुम्ही रोमनमध्ये चार अक्षरं मारता आणि वर तीन मराठी शब्द हजर होतात. यातला घ्या. बऱ्याचदा पुढचा शब्दही तोच सांगतो. मी जी साधनं आतापर्यंत सांगितली ती सगळी नकार देणारी होती. हे सुचवणारं आहे. नाही म्हणण्याऐवजी ‘हे चालेल का?’ असं विचारणारं साधन मराठी लेखकाच्या हातात याआधी कधी आलं नव्हतं. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत याचा परिणाम टेबलावर दिसायला लागला. हस्तलिखितं स्वच्छ झाली, शुद्धलेखन सुधारलं, हे मान्य करायलाच हवं. पण ती लांबली. एकच परिच्छेद तिसऱ्या प्रकरणात आणि नवव्या प्रकरणात जसाच्या तसा, कारण उचलून चिकटवायला काही लागत नाही. आणि विशेषणं सगळ्यांची सारखी व्हायला लागली. दोन वेगळ्या गावांतले, एकमेकांना न ओळखणारे लेखक, आणि दोघांचाही पाऊस ‘मनमोहक’! असा पाऊस कुठल्या शेतकऱ्याने पाहिलाय?

मग मी काय करतो, असा प्रश्न व्याख्यान संपल्यावर येणारच आहे, म्हणून आत्ताच उत्तर देतो. पहिला खर्डा पाठकोऱ्या कागदावर, पेन्सिलीने. पाठकोरा अशासाठी, की कोऱ्या करकरीत कागदाचा मान राखावा लागतो आणि मला तो राखायचा नसतो. खोडरबर वापरत नाही. काट मारतो, म्हणजे काय काढलं ते दिसत राहतं. दुसरा खर्डा संगणकावर, इनस्क्रिप्टमध्ये, सुचवणी बंद करून. तुम्ही असंच करावं असा आग्रह नाही. माझ्या ओळखीतली एक कादंबरीकार फोनवरच लिहिते, अंगठ्याने, लोकलमध्ये उभी राहून, आणि तिची वाक्यं माझ्यापेक्षा आखूड आणि नेटकी असतात. तिला नकार गर्दी देते.

एक कामाची गोष्ट सांगून थांबतो. मी काट मारलेल्या कागदांबद्दल बोललो. संगणकावर काट दिसत नाही. लेखकाने आधी काय लिहिलं होतं आणि का बदललं, हे पुढच्या अभ्यासकाला कळायचं असेल तर आज हाताशी आहेत ते कागदच. तुमच्यापैकी कित्येकांच्या माळ्यावर आजोबांच्या रोजनिशा असतील, आजीने लिहून घेतलेली गाणी असतील, वडिलांच्या भाषणांचे खर्डे असतील, मोडीतली वहीखाती असतील. दिवाळीची झाडलोट जवळ आली आहे आणि रद्दीवाला किलोवर घेतो. त्याला बोलवायच्या आधी ते गाठोडं एकदा आपल्या ग्रंथपालांना दाखवा. मी त्यांच्याशी बोललो आहे. वरच्या मजल्यावर त्यांनी एक लोखंडी कपाट रिकामं करून ठेवलं आहे. सोमवारी सुट्टी असते, बाकी रोज संध्याकाळी पाच ते आठ. आणताना कागद दुमडू नका आणि चिकटपट्टी अजिबात लावू नका.